मोठ्यांची बिगिनर क्वायर (समूहगान) बॅच, लावायची का?

बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. या बॅचला ऑडिशन नाही, आधी गाणं शिकलेलं असायची अटही नाही. पहिल्या दिवशी सर पेटीवर स्वर देतात, आपण त्यावर 'आ' लावायचा, आवाज वर कुठे फाटतो आणि खाली कुठे बसतो ते बघून सोप्रानो, अल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर नाहीतर बास (पुरुषांचे उंच आणि खालचे) अशा एका गटात टाकतात, आणि मला विचाराल तर पैसे वसूल इथेच होतात. कारण सुगम संगीताच्या मिक्स बॅचला काय होतं माहितीये ना, बायकांची काळी चार-पाच (म्हणजे पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी सा धरून) घेतली की काका लोक एकतर पाताळात नाहीतर किंचाळतात, त्यांची काळी एक घेतली की वरच्या सा ला आपला जीव जातो. इथे ज्याला जे झेपतं तीच ओळ मिळते.

मी अल्टोत. सोप्रानो ग म प म्हणतात तेव्हा आम्ही सा रे ग. वहीत एकदम सोप्पं, पण आपल्याला जन्मभर आरतीची सवय, सगळे एकाच चालीत, त्यामुळे कान सारखा शेजारच्या चालीमागे पळतो. त्यासाठी सर आधी राऊंड घेतात, म्हणजे चाल एकच पण दुसरा गट एक ओळ मागून सुरू करतो, ते न गडबडता जमलं की मगच पार्ट, म्हणजे प्रत्येक गटाची वेगळी चाल, देतात. ही पद्धत मला फार पटली. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारणीशी ठरवून आळीपाळीने चोरून घ्यायचा, ऐकणाऱ्याला ओळ कुठेच तुटल्यासारखी वाटत नाही.

आता तक्रारी. फी तीन महिन्यांची आगाऊ आणि बुडलेला क्लास बुडला. प्रत्येक पार्टचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर येतं पण क्लासच्या आदल्या रात्री, मग प्रॅक्टिस कधी करायची? हॉल घुमतो. आणि पुरुषांची वानवा, बास तर ऐकूच येत नाही.

सोलो गायची हौस असेल तर इथे कंटाळाल, आपला आवाज वेगळा ऐकू येणं हा इथे दोष धरतात. बाकी ट्रायल क्लास फ्री आहे. गेलात तर जिचा सूर पक्का आहे तिच्या पुढे उभं राहा, मागून तिचा आवाज कानात येत राहतो, अर्धं काम तिथेच होतं. आणि नवऱ्याला टेनर जमत असेल तर त्यालाही घेऊन जा, सर परत सोडणार नाहीत.