गल्लीतलं पिल्लू की शेल्टरमधलं मोठं मांजर?

बेळगावात मांजर पाळायचं मनात आलं की दोन वाटा असतात. कुणाच्या तरी माळ्यावर भाटी व्यालेली असते आणि त्या घरच्या वहिनी ‘एक तरी न्या हो’ म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मागे लागलेल्या असतात. तिथून पिल्लू उचलायचं. नाहीतर शेल्टरमध्ये जाऊन वर्ष-दोन वर्षांचं, वाढ पुरी झालेलं मांजर दत्तक घ्यायचं. आमच्या घरी दोन्ही वाटांनी मांजरं आली आहेत. बोका येळ्ळूरचा, मावशीच्या भाताच्या कोठीतून पिल्लू असताना आणलेला. भाटी शेल्टरमधली, तिरंगी, आली तेव्हाच मोठी. दोघांवरही घराचा सारखाच जीव आहे. तरीही ओळखीचं कुणी विचारायला आलं की माझं पारडं आता एका बाजूला झुकतं.

पर्शियनचा विचार इथे धरलेला नाही. आपल्याकडच्या ओलीत त्या लांब केसांना बुरशी धरते, चपट्या नाकामुळे श्वासाची घरघर आणि डोळ्यांचं पाणी चालूच राहतं. शिवाय ते विकत घेण्याचं प्रकरण, दत्तकाचं नव्हे.

पिल्लाची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. पिल्लू घरच्या सगळ्यांच्या हातात वाढतं. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात, आवाज, कुत्रा, मिक्सर हे सगळं त्याच्या अंगवळणी पडतं आणि ते जन्मभर टिकतं. आमच्या बोक्याला कुणीही पाहुणा उचलून घेतो, तो अंग सोडून देतो. घरात आधीपासून कुत्रा असेल तर मी पिल्लूच सुचवीन. भातशेतीवाल्यांचाही हिशेब वेगळा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर या पट्ट्यात घरी भात साठवणारे अजून आहेत, त्यांना उंदरांसाठी मांजर हवं असतं. शिकारीची खोड उपजत असली तरी तिला हात बसतो तो आईजवळ. त्यामुळे उंदीर मारणाऱ्या भाटीची दोन पिल्लं एकदम घ्यावीत. एकमेकांशी खेळून ती चावण्याचा जोर आवरायलाही शिकतात. एरवीही बहुतेक शेल्टरवाले कोठारात किंवा मळ्यावर सोडायला मांजर देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

अडचण वयाची. पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहायला हवं. पण आपल्याकडे ते खायला लागलं न लागलं की पिशवीत घालून हातात दिलं जातं. ‘दोन महिन्यांचं आहे’ असं कुणी म्हटलं तर डोळे बघा. निळे असतील तर बहुधा नाही. तो निळा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यापासून बदलू लागतो. लवकर तोडलेलं पिल्लू पांघरूण चोखत बसतं, हात लावला की दात लावतं. त्याला चपाती-दूध घातलं की बऱ्याचदा जुलाब सुरू होतात, कारण गाई-म्हशीचं दूध पुष्कळ मांजरांना पचत नाही. पिसवा असतातच. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: कुत्र्यासाठी आणलेली गोचिडांची पावडर किंवा मानेवर घालायचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराच्या जिवावर बेततं. बारीक दातांची फणी आणि मांजरांच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध, एवढंच.

पुढे ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन रोगांवरची) लस आठव्या आठवड्याच्या सुमाराला, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांनंतर रेबीजची, मध्ये जंतांचं औषध. फुकट आलेलं पिल्लू वर्षभरात शेल्टरच्या मांजरापेक्षा महाग पडतं, असा माझा तरी अनुभव. पण खर्चावरून मी मत बनवलेलं नाही.

मत बनलं ते वासावरून.

पिल्लाच्या नसबंदीची जबाबदारी तुमच्यावर असते, आणि तिला नेमकी वेळ साधावी लागते. साधारण पाच-सहा महिन्यांचं झालं की ऑपरेशन करायचं. आमचा बोका त्या वयाला आला तो ऐन मिरगात. तारीख ठरली, त्याला सर्दी झाली. सर्दी-तापात भूल देत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. मग तीही पावसात वाहून गेली. तोवर बोका वयात आला.

ज्यांनी बोक्याचा फवारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो बसून मुतत नाही. भिंतीकडे पाठ करून ताठ उभा राहतो, शेपूट सरळ वर, शेपटीचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी मळणी घातल्यासारखे हलतात, आणि गुडघाभर उंचीवर भिंतीला एक बारीक ओली रेघ उमटते. थेंब थोडेच असतात. वास मात्र घरभर. बोक्याच्या मुतात फेलिनिन नावाचा गंधकयुक्त घटक असतो, वयात आलेल्या आणि नसबंदी न झालेल्या बोक्यात तो सगळ्यात जास्त. हवा लागली की तो विघटित होत राहतो, त्यामुळे डाग वाळला तरी वास मागे राहतो आणि हवा दमट झाली की पुन्हा उठतो.

आता हे बेळगावच्या पावसात आणून बघा. जून ते सप्टेंबर खिडक्या अर्ध्या मिटलेल्या, भिंतींना ओल, कपडे स्वयंपाकघरापर्यंत दोऱ्या बांधून वाळत घातलेले. बोक्याने पहिला नेम धरला तो त्या लोंबणाऱ्या कपड्यांवर. मग मुलीचं दप्तर, मग गाडीचं कव्हर, मग देवघराच्या बाहेरचा कोपरा. तो कोपरा आईला फार लागला. धुतलेलं पुन्हा धुवायचं, आणि वाळवायला ऊन नाही. शेजारच्या काकूंनी फिनेल सुचवलं, पण फिनेलसारखी जंतुनाशकं मांजराला विषारी. पंजाला लागतात, तो पंजे चाटतो आणि ते पोटात जातं. वास काढायला एन्झाइमचं क्लीनर लागतं, जे प्रथिनं आणि युरिक ॲसिड तोडतं. ते मागवून येईपर्यंत साबणाचं पाणी आणि पंखा.

ऑपरेशन झालं. दहातले नऊ बोके त्यानंतर फवारा मारणं सोडतात किंवा पुष्कळ कमी करतात. पण अंगातले हार्मोन्स उतरायला काही आठवडे जातात, आणि एकदा सवय लागली की ती थोडीफार उरते. आमच्याकडे आता वर्षभर शांतता असते, पण पावसाळ्यात बाहेरचा बोका खिडकीशी येऊन गुरगुरला की आमच्याचं शेपूट वर जातं. त्या चार महिन्यांत देवघराच्या कोपऱ्यावर कुणाचं ना कुणाचं लक्ष लागलेलं असतं.

भाटीचं पिल्लू घेतलं तर फवारा क्वचितच, पण चार-सहा महिन्यांची झाली की ती माजावर येते. रात्र रात्र आर्त ओरडते, गल्लीतले बोके पत्र्यावर जमतात. एकदा बाहेर निसटली की नऊ आठवड्यांनी तुमच्या माळ्यावर पिल्लं, आणि मग ‘एक तरी न्या हो’ म्हणायची पाळी तुमची.

शेल्टरमधलं मोठं मांजर हा सगळा टप्पा ओलांडून आलेलं असतं. बहुतेक ठिकाणी नसबंदी करूनच देतात. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर ती जखम नव्हे, नसबंदीची खूण आहे. भूल असतानाच तेवढं काढतात. लसींचं कार्ड मागून घ्या, त्यावर तारखा बघा. आमची भाटी आली ती खड्यांचा ट्रे ओळखून. घरात पाऊल टाकलं, ट्रे हुंगला, संपलं. बोका लहान असताना आम्ही वाळू, भाताचं तूस, लाकडाचा भुसा सगळं करून पाहिलं होतं. पावसाळ्यात वाळू वाळत नाही हे ज्याने ती टोपलीत भरली आहे त्यालाच कळेल.

स्वभावाचंही तसंच. पिल्लू मोठेपणी कसं निघेल याचा नेम नसतो. मोठं मांजर आहे ते समोर आहे. शेल्टरमध्ये गेलात तर पिंजऱ्यापुढे उभं राहून निवड करू नका. आत जमिनीवर बसा, कुणालाही उचलू नका, थांबा. जवळ येऊन जे पायाला डोकं घासतं ते सलगीचं. जे लांबून बघत डोळे हळूच मिटतं-उघडतं, तेही चांगलं, त्याला वेळ लागेल इतकंच. मुलांबरोबर, कुत्र्यांबरोबर राहिलं आहे का, काय खातं, हे तिथल्या सांभाळणाऱ्या मावशींना विचारा. कार्यालयातल्या माणसापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. कानात कॉफीच्या पुडीसारखा काळा चुरा असेल तर कानातले किडे आहेत, औषधाने जातात. शिंका, चिकट डोळे, केस उडालेले गोल चट्टे असतील तर ते बरे होईपर्यंत थांबा. एफआयव्ही आणि ल्युकेमिया या एका मांजराकडून दुसऱ्याला लागणाऱ्या विषाणूंची चाचणी झाली आहे का तेही विचारा, घरी दुसरं मांजर असेल तर नक्कीच. काळी मांजरं सगळ्यात मागे राहतात. कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याला काही अर्थ नाही.

घरात कुणाला दमा असेल तर तिथेच तासभर बसून या. गरोदर बाई असेल तर मांजर टाळायची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा या पोटातल्या बाळाला धोक्याच्या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस घेतात. ट्रे रोज साफ व्हावा आणि तो दुसऱ्या कुणीतरी करावा, कच्चं मांस मांजराला घालू नये.

एका बाबतीत तर मोठ्या मांजराला पर्यायच नाही. तुमच्याकडे आधीचं पिल्लू उलट्या-जुलाबाने गेलं असेल, ज्याला आपल्याकडे कॅट पार्व्हो म्हणतात तो रोग झाला असेल, तर त्याचा विषाणू फरशीच्या फटींत, गाद्यांत वर्षभर टिकू शकतो. त्या घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणणं धोक्याचं. लसी पूर्ण झालेलं मोठं मांजर तिथे बरंच सुरक्षित.

शेल्टरच्या तक्रारीही आहेत. फॉर्म, आधारची प्रत, खिडक्यांच्या जाळ्यांचे फोटो, कधी घरी येऊन पाहणी. पुष्कळांना याचा राग येतो. मला आला नाही. एकदा गेलेलं मांजर परत आलं की ते आणखी बुजतं, म्हणून ते विचारतात. दुसरं, मी पाहिलेल्या जागा मुख्यतः कुत्र्यांच्या, मांजरं एखाद्या खोलीत. मनासारखं मांजर इथे मिळालं नाही तर कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्याकडे चौकशी करावी लागते. गोव्याहून आणायचं तर चोर्ला घाटाची वळणं लक्षात ठेवा: निघण्याआधी तीन-चार तास खायला घालू नका, पिंजऱ्यावर कापड टाका.

आणि मोठं मांजर रुळायला वेळ घेतं, हे मान्य करायलाच हवं. सुरुवातीला आमच्या भाटीला आम्ही पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. कपाटाखाली दोन डोळे, रात्री बशी रिकामी, सकाळी ट्रे वापरलेला. पाळणारे म्हणतात, तीन दिवस भीती उतरायला, तीन आठवडे घर कळायला, तीन महिने आपलं वाटायला. मला हा हिशेब बराचसा पटला. पहिले दहा-पंधरा दिवस तिला वेगळी खोली द्या, घरात दुसरं मांजर असेल तर दोघांच्या अंगावरून पुसलेली फडकी एकमेकांच्या जागी ठेवा, मगच दार किलकिलं करा. आमचा बोका दाराखालून पंजा घालायचा आणि आतून तीही एक दिवस पंजा घालू लागली, तेव्हा आम्ही दार उघडलं.

कुत्रा असलेलं घर, भाताची कोठी, किंवा पिल्लाचं लहानपण बघायचीच हौस असेल, तर पिल्लू घ्या. फक्त घेतानाच डॉक्टरांशी ऑपरेशनचं बोलून ठेवा. गणपतीनंतर जन्मलेलं पिल्लू निवडलंत तर ते पाऊस लागण्याआधीच त्या वयाला येतं. बाकी शहरातलं घर, दिवसभर कामाला जाणारी माणसं, वयस्कर आई-वडील, आणि चार महिन्यांचा पाऊस, एवढं असेल तर मला शेल्टरचंच मांजर बरं वाटतं.

आणायची वेळ मात्र बघून ठरवा. नवं मांजर आवाजाला घाबरून पळालं तर त्याला घराची वाट माहीत नसते. गणपतीच्या मिरवणुकीआधी नको, दिवाळीआधी तर नकोच. तुळशीचं लग्न उरकून फटाके थांबले की आणा. शिवजयंतीचे चित्ररथ निघेपर्यंत त्याला घर पाठ झालेलं असेल. तरी त्या रात्री खिडक्या लावून घ्या आणि ट्रे आतल्या खोलीत ठेवा.