मुंबईच्या न्हाणीघरातला गीझर: लिटर नंतर, वायर आधी

मुंबईत घर तापवायची वेळ येत नाही, तापवायचं ते आंघोळीचं पाणी. सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं २२ जानेवारी १९६२ रोजी, ७.४ अंश. एरवी जानेवारीतल्या पहाटेही पारा सोळा-सतराच्या आसपास असतो. तेव्हा रूम हीटर दुकानातच राहू द्यावा. गीझर मात्र घरोघरी लागतो, आणि तो निवडताना बहुतेकांची गल्लत एकाच जागी होते.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "माणसं किती?" चार म्हटलं की पंधरा किंवा पंचवीस लिटरचा खोका पुढे सरकतो. ज्या गावात हिवाळ्यात नळाला दहा-बारा अंशांचं पाणी येतं, तिथला हा हिशेब आहे. मुंबईत थंडीतही नळाचं पाणी साधारण २० ते २५ अंशांवर असतं, आणि एप्रिल-मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी आपोआपच कढत येतं. आंघोळीला ३८-४० अंश पुरतात. म्हणजे वाढवायचे अंश इथे पंधरा-वीसच, आणि त्यामुळे छोटा इन्स्टंट गीझर, म्हणजे पाणी वाहता वाहता तापवणारा, मुंबईत बऱ्याच घरांना पुरतो.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर दर किलोवॅटमागे ते सुमारे १४ अंशांनी तापतं. तीन किलोवॅटचा गीझर एका लिटरला ४३ अंश चढवतो, आणि मिनिटाला तीन लिटर सोडले तर १४ अंश. पाणी २५ अंशांवर असेल तर ३९ मिळतात, वीस लिटरची बादली सात मिनिटांत भरते. जानेवारीत पाणी २२ वर आलं की तेच ३६ होतं, अंगाला कोमट लागतं. मग नळ जरा आवळायचा, मिनिटाला अडीच लिटर झाले की पुन्हा ३९, बादलीला आठ मिनिटं. धार मोजायची तर एक लिटरची बाटली नळाखाली धरावी. वीस सेकंदांत भरली तर तीन लिटर, चोवीसमध्ये भरली तर अडीच. आणि खोक्यावरचं 'तीन लिटर' म्हणजे तीन लिटरच गरम पाणी मिळणार असं नव्हे. तो आतल्या टाकीचा आकार आहे. पाणी वाहतं तसं तापत जातं.

हाच इन्स्टंट शॉवरला जोडला की तक्रारी सुरू होतात. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी टाकतो, डोक्यावरचा मोठा चौकोनी तर त्याहून जास्त. तीन किलोवॅटमध्ये एवढ्या धारेला चार-पाच अंशच चढतात. यात गीझरचा दोष नाही, त्याच्याकडून भलतंच मागितलेलं आहे. शॉवरखालीच आंघोळ करणाऱ्यांनी स्टोरेज घ्यावा, म्हणजे टाकीत पाणी आधी तापवून ठेवणारा.

पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा स्टोरेज २५ अंशांचं पाणी ६० वर न्यायला अठरा मिनिटं घेतो आणि सुमारे ०.६ युनिट खातो. त्या पंधरा लिटरमध्ये गार पाणी मिसळून ४० अंशांचं पाणी कागदावर ३५ लिटर होतं. प्रत्यक्षात गरम पाणी निघताना खालून गार पाणी टाकीत शिरत असतं, म्हणून पंचवीस-तीसच धरावं. म्हणजे दीड बादली, किंवा आठ लिटरच्या शॉवरखाली तीन-साडेतीन मिनिटं. पाच मिनिटांचा शॉवर हवा असेल तर पंचवीस लिटर लागतो, आणि तो तापायला अर्धा तास. दोघं थोड्या अंतराने आंघोळ करत असतील, बादलीनेच करत असतील, तर पंचवीसचा गीझर फक्त जागा अडवतो.

विजेबद्दल एक गैरसमज दुकानदारच पसरवतात, की इन्स्टंट निम्मी वीज वाचवतो. वीस लिटर पाणी २५ वरून ४० वर न्यायला ०.३५ युनिट लागणारच, भांडं कुठलंही असो. चार माणसांचं महिन्याचं गणित ४२ युनिटांच्या आसपास येतं. स्टोरेजमध्ये भर पडते ती टाकी उगाच गरम राहण्याची. स्टार लेबलवर चोवीस तासांचा हा तोटा युनिटांत दिलेला असतो, आणि ताऱ्यांपेक्षा तो आकडा वाचावा. समजा तो अर्धा युनिट असेल, तर दिवसरात्र चालू ठेवलेला गीझर महिन्याला पंधरा युनिटं फुकट खाईल. मुंबईत थोडी कमी, कारण लेबलवरची मोजणी ४५ अंशांच्या फरकावर होते आणि इथे फरक पस्तीसचा. आंघोळीआधी वीस मिनिटं लावून नंतर बंद केला तर हा तोटा नगण्य. दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, त्यामुळे तीनशेच्या काठावर असलेल्या घराला ही पंधरा युनिटं महाग पडतात.

आता वायर. किमतीत इन्स्टंट स्वस्त, साधारण तीन-साडेतीन हजारांत येतो, पंधराचा स्टोरेज सहा ते दहा हजारांत. पण स्वस्तातला गीझर वायरिंगकडून जास्त मागतो. दोन किलोवॅटचा स्टोरेज ८.७ अँपिअर ओढतो, तीनचा इन्स्टंट १३. चाळीतल्या मोरीजवळ दिवे-पंख्यांच्या बोर्डातून काढलेल्या दीडच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या) वायरवर तेरा अँपिअर रोज ओढले की आधी प्लगचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग सॉकेट काळं होतं. बोर्ड उघडून वायरच्या आवरणावर छापलेला आकडा बघावा. गीझरसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली तांब्याची अडीचची वायर हवी. पाइपमध्ये बऱ्याच वायरी एकत्र कोंबल्या असतील किंवा अंतर लांब असेल, तर चारची. सॉकेट १६ अँपिअरचं. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. जुनं वायरिंग बदलायचंच नसेल तर इन्स्टंटचा हट्ट सोडून दोन किलोवॅटचा स्टोरेज घेतलेला बरा.

साडेचार किलोवॅटचे इन्स्टंटही मिळतात आणि शॉवरवाल्यांना तेच सुचवले जातात. हे जवळपास वीस अँपिअर ओढतात. १६ अँपिअरच्या प्लगचं ते काम नव्हे. चारची वायर, डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आणि थेट जोडणी, एवढं करायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही पाहावा. एसी, इस्त्री आणि हा गीझर एकाच वेळी चालले तर जुन्या घरांचा मेन पडतो. आणि एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, सारखा पडतो म्हणून सोळाच्या जागी बत्तीसचा बसवून देणारा वायरमन मिळाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. एमसीबी वायर वाचवायला असतो. मोठा बसवला की वायर तापत राहते आणि तो गप्प बसतो.

अर्थिंगची अडचण जुन्या इमारतींत वेगळीच असते. तिथे कधीकाळी लोखंडी पाण्याच्या पाइपालाच अर्थची तार बांधलेली असते. मग प्लंबिंग नवं होतं, लोखंडाच्या जागी प्लास्टिकचे पाइप येतात, आणि अर्थ कुठेच पोचत नाही. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण गीझर तर चालतो. मीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एक-दोन. त्याशिवाय करंट गळू लागला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं.

टाकीबाबत मुंबईला एक सवलत आहे. तानसा, भातसा, वैतरणा, मोडक सागर या तलावांचं पाणी मऊ असतं, त्यामुळे क्षार कमी साचतात आणि महापालिकेच्या पाण्यावर चांगली टाकी वर्षानुवर्षं टिकते. टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायटीत हे विसरावं. तिथे काचेचं अस्तर असलेली टाकी आणि इनकोलॉय या सहज न गंजणाऱ्या मिश्रधातूचा एलिमेंट (पाणी तापवणारा रॉड) घ्यावा, आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड वर्षातून एकदा काढून बघावा. टाकीऐवजी स्वतः झिजणं हेच त्याचं काम. पेन्सिलीएवढा बारीक झाला की बदलायचा. तो संपल्यावर गंज टाकीला लागतो, आणि टाकी गळू लागली की तिला दुरुस्ती नाही. वॉरंटी कार्डावर टाकीची वर्षं मोठ्या अक्षरात आणि एलिमेंटची बारीक अक्षरात असतात. आधी बारीक अक्षरं वाचावीत. वरळी-वर्सोव्यासारख्या समुद्राकाठच्या घरांत खारी हवा पत्र्याचं बाहेरचं आवरण खाते, तिथे प्लास्टिकचं घ्यावं.

उंच इमारतीत दाबाचा आकडा पाहावा. दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे टाकी वीस मजले वर असेल तर खालच्या घरात सहा बारच्या आसपास, मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर. आठ बारचा गीझर घेतला की प्रश्न मिटतो.

बसवताना जागेची ओढाताण असतेच. फॉल्स सीलिंगच्या वर लपवायचा असेल तर आडवा मॉडेलच घ्यावा. उभा गीझर आडवा लावला की एलिमेंट पाण्याबाहेर राहून जळतो. एलिमेंट आणि अ‍ॅनोड बाहेर ओढण्याइतकी मोकळी जागा आणि वर पोचायला झडप ठेवावी, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला सीलिंग फोडावं लागतं. पाण्यासकट पंधराचा गीझर पंचवीस किलोच्या घरात जातो. त्याला प्लास्टिकच्या गुट्ट्या नकोत, अँकर फास्टनर हवेत, आणि हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर आरपार बोल्ट. गार पाण्याच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर पाणी गेल्यावर टाकी उलटी रिकामी होते आणि कोरडा एलिमेंट चालू राहतो. पहिल्यांदा लावताना गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा, फुसफुसणं थांबून अखंड धार लागली की मगच खटका दाबावा.

स्वस्त पर्यायांपैकी पाण्यात बुडवायचा रॉड भाड्याच्या खोलीत समजू शकतो, पण चालू असताना बादलीला हात लावायचा नाही आणि पाणी खुणेखाली जाऊ द्यायचं नाही. गॅस गीझर बंद न्हाणीघरात नकोच. त्याचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

बिघाड ओळखायला फार हुशारी लागत नाही. पाणी तापत असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणं ठीक आहे, तापलेलं पाणी फुगतं. त्याला बूच मारू नये. एमसीबी पडला तर भार जास्त किंवा शॉर्ट. आरसीसीबी पडला तर बहुधा एलिमेंटचं आवरण फुटून करंट अर्थला जातोय. दिवा लागतो पण पाणी गारच, तर एलिमेंट गेलाय. पाणी उकळून वाफ येते, कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारं बटण) वारंवार पडतो, तर ठरलेल्या तापमानाला वीज थांबवणारा थर्मोस्टॅट चिकटलाय. बटण पुन्हा पुन्हा दाबून चालवत बसू नये. टाकीतून गुरगुर ऐकू आली की क्षार साचलेत. आणि सगळं ठीक असून पाणी कोमट येत असेल, तर गीझर उघडण्याआधी गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सर नळ तपासावा. त्यातला कार्ट्रिज झिजला की गार पाणी आतूनच गरम बाजूला शिरतं.

सुटे भाग लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळतात, बहुतेक मॉडेलचे. जुना एलिमेंट सोबत न्यावा, कारण फ्लॅंजचा आकार, भोकांची संख्या आणि रॉडची लांबी फोटोवरून कळत नाही. नवा घेतला की गॅस्केटही नवं घ्यावं. जुनं पुन्हा वापरलं की दुसऱ्या दिवशी तिथूनच पाणी झिरपतं, तेही थेट वायरच्या जोडावर.