सीबी रेडिओची शेपूट कापली, त्याची गोष्ट

मी इचलकरंजीचा. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे वायर सोलायला आणि थिंबल दाबायला मी पाढ्यांच्या आधी शिकलो. आता ओहायोत असतो आणि पिकअपमध्ये एक जुना सीबी रेडिओ, म्हणजे ट्रकवाले आपसात बोलतात तो रेडिओ, बाळगून आहे. मोबाइल असताना हे डबडं कशाला, असं बायको दर हिवाळ्यात विचारते. मग टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, कुठे ट्रक आडवा झाला, कुठली लेन बंद, हे 19 नंबरच्या चॅनलवर ट्रकवाले सांगायला लागले की आवाज तीच वाढवते.

पण आज रेडिओबद्दल नाही, त्याच्या शेपटीबद्दल लिहायचंय. या रेडिओला मागे तीन पिनांचा प्लग आहे. तिथून निघालेली लाल-काळी वायर आधीच्या मालकाने सिगारेट लायटरच्या प्लगला जोडली होती. खड्डा आला की रेडिओ बंद, आणि चालू असला तर गाडीच्या अल्टरनेटरची शिट्टी आत. म्हणून सरळ बॅटरीवरून लाइन ओढली, बॅटरीजवळ फ्यूज टाकला, आणि मध्ये जोडायला अँडरसन पॉवरपोल नावाचे कनेक्टर घेतले. इथले हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, सगळीकडे हेच वापरतात.

वस्तू हातात घेतल्यावर पहिल्यांदा आवडतं ते हे की यात नर-मादी भानगड नाही. दोन्ही टोकं सारखीच. एक उलटं करून दुसऱ्यात सरकवायचं. आतला वीज वाहणारा पत्रा चपटा, त्याच्याखाली स्टीलची स्प्रिंग, त्यामुळे दर वेळी लावताना दोन पत्रे एकमेकांवर घासून स्वच्छ होतात. लाल आणि काळं प्लास्टिकचं घर वेगळं येतं, कडेच्या खाचेत सरकवून जोडी करायची.

पहिली चूक मी खरेदीतच केली. 30 अँपियरचं पाकीट घेतलं. मोठं ते चांगलं, दुसरं काय! 15, 30 आणि 45 या तिन्ही पत्र्यांना प्लास्टिकचं घर तेच लागतं, फरक फक्त वायर धरणाऱ्या नळीत. सीबीची वायर 18 गेजची, बारीक. 30 च्या नळीत ती इतकी सैल की दाबल्यावर ओढली तर सुळकन बाहेर. वायर दुमडून दुहेरी केली तेव्हा कशीबशी बसली. अण्णांनी बघितलं असतं तर पक्कड फेकून मारली असती. रेडिओ बोलताना जेमतेम 2 अँपियर घेतो, तुम्ही सरळ 15 चं घ्या.

पत्रा वायरवर दाबायची पक्कड मात्र याच कामाची घ्या, कनेक्टरच्या पाकिटापेक्षा महाग पडली तरी. साध्या पकडीने दाबलं की पत्रा केळ्यासारखा वाकतो आणि घरात जात नाही. सोल्डरने भागतं, पण सोल्डर वायरमध्ये चढतं, वायर काडीसारखी ताठ होते आणि गाडीच्या थरथरीत नेमकी तिथेच तुटते. नीट दाबलेला पत्रा आत ढकलला की ‘टक्’ असं ऐकू येतं. ऐकू आलं नाही तर बसलेला नाही. मी मध्ये स्वस्त नकली माल मागवला होता, त्यात दहातले चार टक् म्हणेनात. लावायला गेलं की पत्रा मागे सरकायचा. ते सगळे कचऱ्यात गेले.

दुसरी चूक महागात पडली. समोरून बघताना पत्र्याची जीभ वर असेल तर लाल उजवीकडे, अशी सर्वमान्य पद्धत आहे. मी दोन्ही टोकं उलटी, आरशातल्यासारखी जोडली. माझं माझ्याशी सहा महिने छान चाललं. मग एका पिकनिकला ओळखीच्या हॅमवाल्याच्या टेबलावर रेडिओ नेला आणि त्याच्या पॉवर सप्लायला लावला. प्लग निमूट आत गेला. रंग कुठला, हे प्लास्टिकला कळत नाही. फट् झालं! फ्यूज बदलला, तोही गेला. उलट्या करंटपासून वाचवायला आत एक डायोड असतो, तो रेडिओसाठी शहीद होऊन शॉर्ट झाला होता. डायोड काही सेंटचा, पण तो बदलेपर्यंत माझा चेहरा बघण्यासारखा होता. त्या दिवसापासून मल्टिमीटर लावल्याशिवाय मी कुठलाही नवा प्लग लावत नाही.

आणखी एक. याला लॉक नसतो. हात लागला, ओढ बसली की निघतो. घरात हे बरंच आहे, वायरीत पाय अडकला तर प्लग सुटतो, रेडिओ खाली येत नाही. गाडीत मात्र मी दोन्ही बाजूंना धरून एक झिप टाय आवळलाय. जोडी पक्की राहायला पाकिटात बारीक गोल पिनाही आल्या होत्या, त्यातली एक कार्पेटमध्ये हरवली. आता पिनेऐवजी खाचेत सुपरग्लूचा एक थेंब.

आवाज लांब जाईल या आशेने घेऊ नका. इथल्या कायद्याने सीबीला एएम पद्धतीने बोलताना 4 वॉट, ते 4 च राहतात. 10 फूट बारीक वायरीत, जाऊन-येऊन धरलं, तर बोलताना पाव व्होल्ट पडतो. तो प्लग बदलून परत येत नाही, त्याला जाड वायर लागते. मला मिळालं ते वेगळंच. रेडिओपासून वीतभर अंतरावर वायर कापली, रेडिओच्या बाजूचा मूळ फ्यूज तसाच ठेवला. आता तोच रेडिओ पिकअपमधून काढून दहा सेकंदांत गॅरेजमधल्या 13.8 व्होल्टच्या सप्लायला लागतो. टायरला हवा भरायचा पंप आणि गॅरेजची जुनी बॅटरी यांनाही हेच प्लग लावायचेत. पंपाला 30 चे उरलेले चालतील, बाकी 15 चं पाकीट काल मागवलंय.