पुण्यात सदाशिव पेठ की वाकड, सेफ कुठं वाटतं?

पेठेत पार्किंगची बोंब, गाडीतलं पेट्रोल पण कधी कधी गायब, पण रात्री 11 ला पोरी अभ्यासिकेतून चालत रूमवर जातात कारण रस्त्यावर माणसं असतात ना. जून 2023 ला इथंच भर सकाळी एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला, आणि वाचवलं कोणी तर एमपीएससीच्या पोरांनी, पब्लिक बघत होती ते वेगळं.

वाकडला गेट, वॉचमन, सीसीटीव्ही, अ‍ॅपवर एंट्री, आत टेन्शन नाही. बाहेर सर्व्हिस रोडला मात्र रात्री शुकशुकाट. आणि वाकड 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, पुणे पोलिसांकडे नाही. इमर्जन्सी नंबर 112 दोन्हीकडं लागतो.

एकट्या मुलीला पेठच सांगेन, फ्लॅट बंद करून महिनाभर गावी जाणाऱ्याला वाकड.