अलास्कातल्या ट्रेकसाठी चेस्ट होल्स्टर (छातीवर पिस्तूल अडकवायचं म्यान), दोन सीझन वापरून झाल्यावर

आधी एक सांगते, बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) पहिला आणि पिस्तूल नंतर. अलास्कातल्या जुन्या घटना तपासून २००८ साली जो अभ्यास आला त्यात स्प्रेने ब्राउन बेअरला ९२ टक्के वेळा थांबवलं होतं, आणि स्प्रे मारायला पिस्तुलाइतका अचूक नेम साधावा लागत नाही. अँकरेजला आल्यावर पहिली चार वर्षं मी नुसत्या स्प्रेवरच शहरालगतचा चुगाच पार्क पालथा घातला. पिस्तूल घेतलं ते ग्रीन कार्ड आल्यावर. इथे बरेच जण म्हणतात अलास्कात परवाना लागत नाही मग काय प्रॉब्लेम, अहो तो राज्याचा कायदा झाला, एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असताना शिकारीच्या लायसन्ससारखे अपवाद सोडले तर बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, त्यामुळे भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या हातात फोटोपुरतंही देऊ नका.

आता होल्स्टर. माझ्याकडे १० एमएमचं ग्लॉक २० आहे, १५ गोळ्या भरल्या की साधारण ११०० ग्रॅम, म्हणजे लिटरभर पाण्याच्या बाटलीएवढं वजन सतत अंगावर. पहिल्यांदा कमरेच्या पट्ट्यावर लावून बघितलं, पण सॅकचा हिप बेल्ट नेमका तिथेच येतो, दोन तासांत हाडावर लालभडक वळ. मग सॅकच्याच हिप बेल्टला अडकवायचं एक कापडी होल्स्टर घेतलं आणि ती माझी सगळ्यात मोठी चूक होती. क्रो पासच्या ट्रेकला (गर्डवूडकडून चढून खिंड ओलांडायची आणि ईगल रिव्हरच्या नेचर सेंटरला उतरायचं, साधारण ३५ किलोमीटर) एका ओढ्यापाशी सॅक काढून ठेवली आणि पाणी भरायला पंधरावीस पावलं खाली गेले, मान वर केली तर पलीकडच्या झुडपांत ब्राउन बेअर. पिस्तूल सॅकला, स्प्रेही सॅकला, आणि मी हातात बाटली घेऊन उभी. नवरा मागून हळू आवाजात बोलत आला, अस्वलाने आमच्याकडे बघितलं आणि ते आपल्या वाटेने निघून गेलं, पण ते अर्धं मिनिट मी आजपर्यंत विसरले नाहीये. सॅक खाली ठेवली तरी जे अंगावर राहतं तेच खरं आपल्याजवळ असतं, हे मला तेव्हा कळलं. स्प्रेसुद्धा आता पँटच्या पट्ट्यालाच.

म्हणून चेस्ट होल्स्टर. कंपनीचं नाव देत नाही कारण या डिझाइनचे बरेच जण बनवतात आणि मी एकच वापरलाय. कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचा कडक साचा असतो, एक पट्टा खांद्यावरून आणि एक पाठीमागून, पिस्तूल छातीवर तिरकं बसतं, मूठ उजव्या हाताकडे. बायकांसाठी सांगते, छातीच्या खाली बरगड्यांवर येईल एवढं उतरवून घ्या, दुकानात लावून दाखवतात तसं वर ठेवलं तर चढताना दाब येतो आणि श्वास लागतो. आधी हार्नेस (पट्ट्यांसकट होल्स्टर) घालायचा, वरून सॅक, आणि सॅकचा छातीवरचा पट्टा होल्स्टरपेक्षा उंचावर, गळ्याच्या बाजूला घ्यायचा, मग दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. खरी मजा नदीत आली, ईगल रिव्हर ओलांडताना पाणी मांड्यांपर्यंत, बर्फाचं वितळलेलं, हिप बेल्ट सोडूनच उतरावं लागतं म्हणजे पाय घसरला तर सॅक फेकून देता येते, आणि एवढ्या सगळ्यात पिस्तूल छातीवर कोरडं ठणठणीत.

सुरक्षेबद्दल मी फार काटेकोर आहे. ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा आणि तोही कडक साच्याने, मऊ कापडातून बाहेरची फांदीसुद्धा ट्रिगर दाबू शकते. आत बसताना टक आवाज येतो, पकड स्क्रूने घट्ट-सैल करता येते. घरी पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून, मी हार्नेस घालून उड्या मारल्या, ओणवी झाले, गादीवर कोलांटी मारली, हललं नाही. काढण्याची सवयसुद्धा रिकाम्या पिस्तुलानेच केली, रोज दहा मिनिटं महिनाभर, कारण नळीची दिशा डावीकडे असते आणि डावा हात चुकून पुढे आला तर तो नळीसमोर येतो, म्हणून डावा हात छातीला चिकटवूनच ठेवायचा. परत आत घालताना अजिबात घाई नाही, बघून, बोट बाहेर ठेवून.

त्रास आहेतच. पाठीवरचं बकल सॅकखाली बरोबर खांद्याच्या हाडाखाली टोचतं, मी ते सरकवून काखेजवळ आणलं तेव्हा सुटका झाली. कायडेक्सखाली शर्ट घामाने चिंब होतो. कपारीत वाळू गेली की पिस्तुलाच्या रंगावर ओरखडे पडतात, ट्रेकहून आल्यावर होल्स्टर धुवून काढावं लागतं. आणि सगळ्यात वैताग रेनजॅकेटचा, जॅकेट वरून घातलं तर चेन उघडेपर्यंत हात पोचत नाही, म्हणून मी हार्नेस जॅकेटच्या वरच घालते, मग ऊन आलं की सॅक काढा, हार्नेस काढा, जॅकेट काढा, परत सगळं चढवा. इथल्या पावसात दिवसातून तीनदा होतं हे. तरीही घालते, आठ तास चालल्यावरसुद्धा ते काढून सॅकमध्ये टाकावंसं वाटलं नाही, आधीच्या दोन्हींचं तसं नव्हतं.

पट्टे मागवताना टीशर्टवर माप घेऊ नका, मी घेतलं आणि सप्टेंबरात फ्लीस आणि जॅकेटवर ते पुरेनात, पुन्हा लांब पट्टे मागवावे लागले.