नॉर्थोल्ट की न्यूअर्क?

वळिवड्याच्या छावणीमुळे पोलिश निर्वासित कोल्हापूरकरांना नवे नाहीत. त्यांच्याच देशातले वैमानिक दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधून ब्रिटिश हवाई दलाबरोबर लढत होते. लंडनला मुलांकडे गेलात, एक दिवस मोकळा मिळाला आणि त्यांच्या खुणा पाहायच्या असतील, तर दोन ठिकाणं आहेत.

नॉर्थोल्ट सोयीचं. सेंट्रल लाइनने साउथ रायस्लिपला उतरायचं. पुढे ए-४० रस्त्यालगत १९४८ चं पोलिश वैमानिकांचं स्मारक आहे. दगडी खांबावर ब्राँझचा गरुड आणि खाली नावांच्या ओळी. तासाभरात पाहून होतं, मात्र वाहनांची घरघर सतत कानावर असते. नॉर्थोल्टचा हवाई तळ गाजला तो ३०३ या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमुळे, म्हणजे तुकडीमुळे. बॉम्बरवाल्यांची नावं इथेही आहेत, पण ते उडायचे दुसरीकडून.

त्यांच्यासाठी न्यूअर्क गाठावं. किंग्ज क्रॉसहून रेल्वेने साधारण दीड तास, तिकीट आधी काढलं तर स्वस्त. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रॅमकोटला ३००, ३०१, ३०४ आणि ३०५ ही बॉम्बर स्क्वाड्रन उभी राहिली. त्यातली पहिली दोन पुढे स्विंडरबीला आणि उरलेली दोन सायरस्टनला आली. दोन्ही तळ न्यूअर्कच्या आसपासचे, म्हणून लंडन रोडवरच्या दफनभूमीत एवढ्या पोलिश कबरी. ब्रिटिश शिळांचा माथा गोलसर, यांचा टोकदार. लांबूनच ओळखू येतात. चालताना तारखा वाचा. वेलिंग्टन विमानात पाच-सहा जण असत आणि बहुतेकदा सगळे एकदमच जात. परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्कीही १९४३ पासून इथेच पुरलेले होते. १९९३ मध्ये त्यांचे अवशेष क्राकुफला नेले.

परागंदा सैन्याची खरी अडचण म्हणजे मेलेल्याच्या जागी मायदेशातून नवा माणूस येत नाही. १९४३ मध्ये ३०१ त्यापायीच मोडावं लागलं. त्यातले काही जण पुढे इटलीतल्या ब्रिंडिसीहून, १९४४ मध्ये जर्मनांविरुद्ध उठलेल्या वॉर्सावर रसद टाकायला उडाले. हे सगळं नॉर्थोल्टच्या खांबासमोर उभं राहून जाणवणं कठीण, म्हणून माझं मत न्यूअर्कला.

अर्थात गुडघे कुरकुरत असतील, किंवा दुपारपर्यंत घरी परतायचं असेल, तर नॉर्थोल्टच बरं. न्यूअर्कला गेलात तर सायरस्टनचा तळ बघायच्या भानगडीत पडू नका; तो अजून हवाई दलाकडे आहे, सहजासहजी आत सोडत नाहीत. त्यापेक्षा न्यूअर्क कॅसल स्टेशनवरून लिंकनची गाडी पकडा. अर्ध्या तासावर आहे, आणि तिथल्या बॉम्बर कमांडच्या (ब्रिटिश बॉम्बर दलाच्या) स्मारक केंद्रात दुपार कशी जाते कळत नाही.