माझाच सायलेन्सर मला विकला

आमच्याकडं 2006 ची स्प्लेंडर प्लस आहे. एमएच 22 पासिंग, वडलांनी कापसाच्या पैशांतून घेतलेली. मानवत तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं रोजचं काम एवढंच, घर ते शेत, तीन किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात तिचा आवाज बदलला. रेस सोडली की फट-फट वाजायची, उजव्या पायाला गरम हवा लागायची.

परभणीला खत आणायला गेलो होतो, तसाच एका गॅरेजवर थांबलो. मेकॅनिकनं खाली वाकून सायलेन्सरला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो आरपार गेला. "मामा, खालून चाळणी झालीय. वेल्डिंग धरणार नाही, कंपनीचा नवीन टाकावा लागंल." सायलेन्सरचे 3,200, फिटिंगचे 300. भोक मी डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून पटलं. "आणायला वेळ लागंल, दोन तासांनी या," म्हणाला. मी खताच्या दुकानात जाऊन बसलो. त्या दोन तासांतच सगळं झालं.

परत आलो तर सायलेन्सर चकचकीत. पहिल्याला क्रोम होतं, याला चंदेरी रंग. विचारलं तर म्हणे, "आता कंपनीकडून असाच येतो." खोकं दिसलं नाही, बिल मिळालं नाही. जुना कुठाय म्हणलं तर भंगारवाला आत्ताच घेऊन गेला. 2,000 फोनवरून दिले, 1,500 रोख. गाडीचा आवाजही बंद झाला होता, मग शंका तरी कशाची घेणार?

एकोणिसाव्या दिवशी गाडी धुताना ओल्या फडक्याला चंदेरी रंग लागला. खालच्या बाजूला फुगवटा आला होता. नखानं दाबलं तर राखाडी लांबीचा, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायच्या लेपाचा, खपला निघाला. पोरीनं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं. बाकी नळीला ते घट्ट चिकटायचं, त्या हातभर पट्ट्यात मात्र गळून पडायचं. मी चाकूनं लांबी खरवडत गेलो आणि मागच्या टोकाला अंगठ्याएवढा खळगा उघडा पडला. तो खळगा मी ओळखतो. 2019 ला विहिरीच्या काठावर गाडी दगडावर आडवी पडली, तेव्हाचा आहे. शेजारचे दोन ओरखडेसुद्धा तेच. लांबी भरून, रंग मारून माझाच सायलेन्सर मला विकला होता. पैशापेक्षा त्याचंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर गॅरेजवाला म्हणाला, "बिल दाखवा."

मग मानवतच्या एका वेल्डिंगवाल्याकडं गाडी नेली. त्यानं खोलून समोर दाखवलं. फट-फट मुळात सायलेन्सरमुळं नव्हतीच. इंजिनच्या हेडला बेंड पाईप, म्हणजे सायलेन्सरकडं जाणारी वाकडी नळी, जिथं बसते तिथलं पॅकिंग जळालं होतं, भोवती काजळीचे काळे फराटे होते. परभणीत तिथं नुसती लाल पेस्ट फासली होती, म्हणून आवाज काही दिवस दबला. ते पॅकिंग एकदा दाबलं की चपटं होतं, खोललं की नवीनच टाकावं लागतं, आणि ते अगदी स्वस्त असतं.

खालचं भोक मात्र खरं होतं. त्याचं कारणही त्यानंच सांगितलं. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन नळीतून जातं. लांब पल्ल्याला नळी तापते आणि ते बाहेर पडतं. तीन किलोमीटरात ती तापतच नाही, पाणी आत साचतं, पत्रा आतून खातं. बाहेरून आपल्या काळ्या रानाचा चिखल बसतो, तो दिवसदिवस ओल सोडत नाही. त्यानं बॅटरीची वायर काढली, कुजलेला पत्रा कापला, चांगला पत्रा लागेपर्यंत घासलं आणि गॅसनं ठिगळ जोडलं. मागच्या टोकाला खाली एक बारीक भोक ठेवलेलंच असतं, पाणी गळायला. ते त्यानं बुजवलं नाही. तेही लिकेज म्हणून दाखवणारे आहेत, तेवढं ध्यानात ठेवा. पॅकिंगसह सगळे मिळून 450 रुपये झाले.

कुणाचीही गाडी जुनी असेल तर गॅरेजवर सोडण्याआधी सायलेन्सरच्या चाकाकडच्या बाजूला खिळ्यानं खूण करा आणि फोटो काढा. नवीन टाकला म्हणाले तर खोकं आणि पक्कं बिल मागा, जुना हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. लोहचुंबक खिशात असलं तर फिरवून बघा. क्रोमवर ते चिकटतं, लांबीवर चिकटत नाही.

बिल नाही म्हणून मी गप्प बसणार होतो. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. 2,000 रुपये फोनवरून गेल्याची नोंद, खळग्याचे फोटो आणि वेल्डिंगवाल्याची पावती जोडून आता परभणीच्या आयोगात अर्ज देतोय. खरवडलेली लांबी पिशवीत बांधून ठेवली आहे.